काटकसरीची कात्री कोणावर?

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला जातो. परंतु पाय पसरल्यानंतर अंथरूणच आखूड झाले तर काय करावे, याविषयी ही म्हण मौन पाळते. खासगी कारखान्यांतून वा पेढ्यांतून निवृत्त होणाऱ्या असंख्य नोकरदारांची अवस्था नेमकी अशी होते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली त्यांच्या हाती पडणारी रक्कम शेवटच्या पगाराच्या मानाने अगदीच तुटपुंजी असते. २०१४ साली या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले; सरकारी सेवकाप्रमाणे त्यास महागाईभत्त्याची जोड मात्र देण्यात आली नाही. उत्पन्न एका महिन्यात खाली येते आणि भाव चढतच राहतात. अशा वेळी काटकसर अटळ आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो, ही कात्री कशावर चालते हा.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. पुढे १९४९ मध्ये जेम्स ड्यूझेनबेरी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, उत्पन्न घटले तरी माणूस जुन्या राहणीला चिकटून राहतो; कारण ती राहणी शेजारी पाहत असतात. या दोन सिद्धान्तांची सांगड घातली म्हणजे आपल्या घरांतील काटकसरीचे कोडे उलगडते. घरभाडे व कर्जाचे हप्ते टाळता येत नाहीत. लग्नकार्यातील आहेर, दिवाळीची खरेदी यांवर चारचौघांची नजर असते. उरतो तो न दिसणारा खर्च. दूध अर्ध्यावर येते, वरण पातळ होते, चष्म्याचा नंबर बदलूनही काच बदलली जात नाही, रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. आणि सर्वांचे झाल्यावर जेवावयास बसणाऱ्या गृहिणीच्या ताटात काय उरले, याची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही.

ही बचत नव्हे. आज वाचविलेले गोळ्यांचे पैसे उद्या इस्पितळात अनेक पटींनी भरावे लागतात. म्हणूनच काटकसरीचा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. महिन्याच्या हिशेबात डाळ, दूध, भाजी व औषधे प्रथम मांडावीत आणि उरलेल्या रकमेत बाकीचे बसवावे. यासाठी मार्ग नाहीत असेही नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत तेच औषधी द्रव्य नामांकित छापाच्या औषधापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मिळते. मात्र बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांपेक्षा पुढील युनिटांचा दर बराच अधिक असतो; त्यामुळे वीज वाचते ती या चढ्या दराची. वाण्याकडील उधारीत भावाची घासाघीस करता येत नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून धान्य व डाळी हंगामात भरून ठेवल्यास हा भुर्दंड टळतो. परंतु तीच रक्कम एका लग्नाच्या थाटात संपली, तर पुढे महिन्याकाठी केलेली कोणतीही काटकसर ती भरून काढू शकत नाही.

हे निर्णय एकट्या गृहिणीवर सोपविण्याची आपली रीत बदलली पाहिजे. घरातील कर्त्या पुरुषाने व मिळवत्या मुलांनी हिशेबाची वही एकत्र बसून पाहावी. आहेराची रक्कम कमी करण्यातील संकोच सर्वांनी वाटून घ्यावा.

तथापि, काटकसरीलाही एक तळ असतो. त्याखाली कुटुंब उतरले की होते ती उपासमार; तिला सद्गुणाचे नाव देणे अन्यायाचे आहे. आयुष्यभर वर्गणी भरलेल्या कामगाराच्या निवृत्तिवेतनास महागाईशी जोडण्याची मागणी या दृष्टीने पाहिली पाहिजे. अंथरूण आखूड करणारांनी पाय आखडण्याचा उपदेश करावा, हे कोणत्याही शासनास शोभणारे नाही.