थंडीत ‘ॲव्हरेज’ का हरवते?

नवी गाडी दारात आली, की हातातला पेढा तोंडात जाण्याआधीच शेजारी विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, बैठक, डिकी हे सारे नंतर. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, या एका आकड्यावर आपल्याकडे गाडीचे आणि पुष्कळदा गाडी घेणाऱ्याच्या शहाणपणाचेही मोल ठरते. गंमत अशी, की ज्या शब्दाने आपण ही चौकशी करतो, त्याचा अर्थच मुळी ‘सरासरी’. आणि सरासरी म्हटली की तिच्यात उन्हाळा-हिवाळा, घाट आणि सपाटी, लांबचा पल्ला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडची फेरी, सगळे मिसळलेले असणार, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. हा विसर किती महागात पडतो, हे पाहायचे असेल तर थंड देशांतल्या हायब्रीड गाड्यांकडे पाहावे.

‘हायब्रीड’ म्हटले की जुन्या पिढीतल्या मराठी माणसाला अजूनही ज्वारी आठवते. गाडीतला संकर आहे तो पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा. टोयोटा कंपनीने डिसेंबर 1997 मध्ये जपानात ‘प्रायस’ ही गाडी बाजारात आणली आणि 2000 मध्ये ती अमेरिकेत पोहोचली. तिची युक्ती साधी होती. सिग्नलला इंजिन बंद. मंद गतीने सरकायचे तर विजेच्या मोटरवर. ब्रेक लावताना एरवी जी शक्ती नुसती घासून वाया जाते, तिची वीज करून बॅटरीत साठवायची. थोडक्यात, जरूर नसेल तेव्हा इंजिनाला झोपू द्यायचे, यातच हायब्रीडची सारी कमाई आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण थंडी नेमका याच झोपेवर घाला घालते.

शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो या शहरांतले हायब्रीडवाले, आणि त्यांत आपली मराठी मुलेबाळेही आलीच, दर हिवाळ्यात हा अनुभव घेतात. ऑक्टोबरपर्यंत झकास चाललेला आकडा डिसेंबरात धाडकन खाली येतो. मग प्रश्न सुरू होतात. गाडीत बिघाड आहे का? कंपनीने फसवले का? अमेरिकी सरकारची इंधनविषयक माहिती सांगते, की तापमान 25 अंश सेल्सियसवरून उणे 7 अंशांच्या आसपास उतरले, तर शहरात चालवताना साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज सुमारे 15 टक्क्यांनी घटते. हायब्रीडचे मात्र 30 ते 34 टक्क्यांनी! काटकसरीसाठी घेतलेल्या गाडीलाच थंडी दुपटीने बाधावी, हे वरकरणी अजबच वाटते.

याचे उत्तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात सापडते. जुन्या चुलीला बाजूला एक वैल असायचा. पुढे भाकरी भाजली जात असताना मागे वैलावर भाजी शिजायची किंवा पाणी तापायचे, आणि त्यासाठी वेगळे जळण लागत नसे. ते पाणी ‘फुकट’ वाटे. खरे तर चूलच उधळी होती, तिची वाया जाणारी धग तेवढी वैलावर कामी येत होती. साध्या मोटारीचा हीटर म्हणजे हा वैलच. पेट्रोलमधल्या शक्तीचा मोठा भाग इंजिनात उष्णता होऊन निघून जातो. हिवाळ्यात त्यातलीच थोडी आत वळवली की प्रवासी उबेत बसतात. वेगळा खर्च नाही.

हायब्रीडचे इंजिन मुळात कमी उधळे. 2015 साली आलेल्या प्रायसच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता 40 टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. शिवाय ते निम्मा वेळ बंद. मग ऊब आणायची कोठून? म्हणून गाडीतला संगणक सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचेही इंजिन चालू ठेवतो. गाडी हलत नाही, पण पेट्रोल जळते ते निव्वळ आपले पाय शेकण्यासाठी. वैल गेला आणि पाणी तापवायला दुसरी शेगडी पेटवावी लागली, असा हा प्रकार.

कोणी म्हणेल, बॅटरी आहे ना, तिच्यावर हीटर चालवा! इथे थोडे हिशेब करावे लागतील. आपल्या न्हाणीघरातला गिझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. कडाक्याच्या थंडीत गाडी उबदार ठेवायला एवढी किंवा याहूनही अधिक शक्ती लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतल्या प्रायसची बॅटरी होती अवघ्या 1.3 युनिटची, आणि ती दीर्घकाळ टिकावी म्हणून तिच्यातला निम्म्याहून कमीच भाग प्रत्यक्षात वापरला जातो. म्हणजे एवढ्या विजेवर गिझर पंधरा-वीस मिनिटेसुद्धा चालणार नाही. भिंतीवरच्या प्लगला जोडून चार्ज करायच्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. साध्या हायब्रीडच्या बॅटरीकडून हे काम होणे नाही.

ऊब फक्त माणसांनाच लागते असेही नाही. धुरातली विषारी द्रव्ये निपटणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करत नाही, त्यामुळे प्रदूषणाच्या नियमांसाठीही इंजिन सुरुवातीला चालू ठेवावे लागते. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते. बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. ती वीज देतानाही कुरकुरते आणि घेतानाही. ब्रेकमधून मिळणारी वीज तिला पटकन पचवता येत नाही, ती मग पूर्वीसारखीच घासून वाया जाते. म्हणजे कमाईची दोन्ही दारे, इंजिनाची झोप आणि ब्रेकची वीज, एकदमच किलकिली होतात. यात सगळ्याच गाड्यांना बाधणाऱ्या गोष्टींची भर आहे. उणे 7 अंशांतली हवा 25 अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे 12 टक्के दाट असते, तिला कापत जायला जोर लागतो. टायरमधली हवा थंडीने पाच-सहा पौंड उतरते. त्यातून फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असेल, तर इंजिन तापते न तापते तोच ठिकाण येते आणि सारी ऊब परत निवून जाते.

मग हायब्रीड हा फसवा सौदा ठरला काय? माझे मत स्पष्ट आहे: फसवी असलीच तर ती टक्केवारी. नुसते उदाहरण म्हणून एक हायब्रीड लिटरला 20 किलोमीटर आणि एक साधी गाडी 12 किलोमीटर चालते असे धरू. शंभर किलोमीटरला पहिलीला 5 लिटर लागतात, दुसरीला सव्वाआठ. थंडीत पहिलीचे ॲव्हरेज एक-तृतीयांशाने घटले, तर तिला साडेसात लिटर लागतील. दुसरीचे 15 टक्क्यांनी घटले, तर तिला पावणेदहा. हायब्रीडची घट मोठी असली, तरी शंभर किलोमीटरमागे ती अजूनही सव्वादोन लिटर वाचवतेच आहे. काटकसरी घरात एक जादा पाहुणा आला तरी महिन्याचा हिशेब कोलमडतो. उधळ्या घरात चार आले तरी कळत नाही. यात दोष काटकसरीचा नव्हे. आजवर जी ऊब आपण फुकट समजत होतो तिची किंमत या गाडीने प्रथमच वेगळी करून दाखवली, इतकेच.

दोष द्यायचाच असेल तर तो आकडा सांगण्याच्या पद्धतीला द्यावा लागेल. अमेरिकेत 2004 सालच्या प्रायसच्या काचेवरचा सरकारी आकडा आपल्या मापात लिटरला सुमारे 23.4 किलोमीटर असा होता. लोकांना रस्त्यावर तेवढे मिळेना. अखेर 2008 च्या मॉडेलांपासून तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोजमापाची रीत बदलली. भरधाव वेग, 35 अंशांच्या उन्हात एअर कंडिशनर आणि उणे 7 अंशांची थंडी या तिन्ही कसोट्या हिशेबात धरल्या. नव्या रीतीने त्याच गाडीचा आकडा सुमारे 19.6 वर आला. गाडी तीच, पेट्रोल तेच. फक्त फूटपट्टी प्रामाणिक झाली.

हा धडा आपल्यालाही लागू आहे, कारण पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था देशातल्या गाड्यांची अशी प्रमाणपत्रे देते. 2022 मध्ये आपल्याकडे हायब्रीडची नवी लाट आली, तेव्हा ग्रँड व्हिटाराच्या जाहिरातींत लिटरला 27.97 किलोमीटर हा आकडा झळकला. दशांश चिन्हापुढे दोन घरे! असे दोन घरांचे आकडे वाचताना वाटते, जणू शेवटच्या थेंबापर्यंत हमी दिली आहे. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेतल्या सुखद हवेत, एअर कंडिशनर बंद ठेवून मोजलेला होता. मुंबई-नागपूरकरांना मिनेसोटाची थंडी ठाऊक नाही हे खरे. पण आपला मे महिना हाच आपला हिवाळा. तो टाळायला लागणारा गारवा तरी फुकट कुठे आहे? हायब्रीडमध्ये एअर कंडिशनर बॅटरीच्या विजेवर चालतो, ती उतरली की वाहतुकीच्या कोंडीत उभ्या गाडीचे झोपलेले इंजिन पुन्हा जागे होते. आणि हिमाचल, काश्मीर, लडाख हेही याच देशात आहेत.

म्हणून मागणी अशी, की शोरूममधल्या गाडीवर एकच आकडा नको, तीन हवेत: शहरातल्या छोट्या फेऱ्यांत एअर कंडिशनरसह किती, महामार्गावर किती आणि कडक थंडीत किती. कंपन्यांकडे ही माहिती नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दहा-वीस लाखांची खरेदी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला आपल्या वापराप्रमाणे हिशेब करता यायला हवा. रोज दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडणाऱ्या घराचा आणि रोज पुणे-मुंबई करणाऱ्याचा आकडा एक कसा असेल?

अभियंते हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. अमेरिकेत 2004 ते 2009 या काळात विकल्या गेलेल्या प्रायसमध्ये चक्क एक थर्मास होता. इंजिनातले गरम पाणी त्यात तीन दिवसांपर्यंत उबदार राही आणि सकाळी इंजिन सुरू होताना परत सोडले जाई. पुढच्या पिढीत त्याऐवजी धुराच्या नळीतून वाया जाणारी उष्णता पकडण्याची सोय आली. एका अर्थी हरवलेला वैलच पुन्हा बसवला गेला. मालकांनाही काही करता येते. कॅनडात रात्री गाडीचे इंजिन विजेच्या हीटरने उबदार ठेवण्याची रीत जुनीच आहे. टायरमधली हवा वरचेवर तपासावी, चार कामे एकाच फेरीत उरकावीत, सारी गाडी तापवण्यापेक्षा आसनातला हीटर लावावा आणि उभ्या गाडीचे इंजिन दहा-दहा मिनिटे तापवत बसण्याऐवजी अर्ध्या मिनिटात सावकाश निघावे. परदेशातल्या मुलाला फोनवर ‘तुझी गाडी बिघडली वाटते’ असे म्हणण्याआधी एवढे सांगितले, तरी त्याचा गॅरेजचा एक हेलपाटा वाचेल.

अशा काटकसरीच्या गाड्यांकडे वळताना आपण एक जुनी सवय सोडायला हवी. उधळ्या यंत्राचा आकडा ऋतूंची फारशी दखल घेत नाही. जपून खर्च करणाऱ्या यंत्राला मात्र ऊन, थंडी, अंतर सारे जाणवते. त्याला ‘किती देते?’ एवढेच विचारून भागणार नाही. कुठे, केव्हा आणि कशासाठी, हेही विचारावे लागेल, आणि विक्रेत्याकडून त्याचे छापील उत्तर मागावे लागेल.