गृहस्थाश्रमांतील चार गोष्टी : पिलांच्या पोटांतील जंत

एका वाचक भगिनींनीं विचारलें आहे कीं, "दारची कुत्री व्याली आहे. पिलें तीन आठवड्यांचीं असून गुटगुटीत दिसतात. सासूबाई म्हणतात, पोटें फुगलीं आहेत, जंताचें औषध द्या. इतक्या कोवळ्या जिवांना औषध देणें बरें काय?" या प्रश्नाचें उत्तर सासूबाईंनीं दिलेंच आहे व तें बरोबर आहे. तथापि तें शिकण्यासाठीं मला जी किंमत द्यावी लागली, ती आपणांपैकीं कोणास द्यावी लागूं नये, म्हणून हा विषय या महिन्यांत घेतला आहे.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या परसांत, सरपणाच्या पडवींत, एक गांवठी कुत्री व्याली. पांच पिलें झालीं. घरांत सोवळें-ओवळें अजून थोडेंफार पाळलें जातें, त्यामुळें कुत्रीस माजघराकडे येण्याची मुभा नव्हती. परंतु नातवंडांनीं तिला भाकरीचा व दुधाचा रतीब लावला, आणि आम्हीं वडील मंडळींनीं तिकडे कानाडोळा केला. तिसऱ्या आठवड्यांत पिलांचीं पोटें तट्ट गोल झालीं. "पहा, कसें बाळसें धरलें आहे!" असें जो तो म्हणे. मलाही तसेंच वाटलें. पुढें त्यांच्या पाठीचीं हाडें दिसूं लागलीं, केंस रुक्ष झाले, आणि एके सकाळीं एका पिलास वांती झाली, तींत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते. मला विडंग आठवलें. वावडिंगाचें चूर्ण गुळांत कालवून चाटविलें व मी निश्चिंत झालों. दोन दिवसांत दोन पिलें गेलीं.

उरलेलीं तीन टोपलींत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलीं. तेथील डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, औषध आधीं कां नाहीं दिलेंत?" मी म्हणालों, "जंत दिसले नव्हते." ते म्हणाले, "दिसेपर्यंत थांबलांत, तेथेंच चुकलें. हीं पिलें जंत घेऊनच जन्मास आलीं." त्या तिघांपैकींही दोनच वांचलीं.

डॉक्टरांनीं जें समजावून सांगितलें तें असें. कुत्रीच्या आंतड्यांतील गोल जंताच्या अळ्या तिच्या मांसांत निद्रिस्त होऊन राहतात. तेथें औषध फारसें पोंचत नाहीं व कुत्रीही निरोगी दिसते. ती गाभण राहिली कीं शेवटच्या कांहीं आठवड्यांत या अळ्या जाग्या होतात आणि वारेंतून गर्भांत शिरतात. दुसरा जंत अंकुशकृमि, म्हणजे हूकवर्म. तो मुख्यतः आईच्या दुधावाटे येतो आणि आंतड्यास चिकटून रक्त पितो. त्याच्या योगानें हिरड्या पांढुरक्या पडतात, शौचास काळें होतें, आणि पोट न फुगतांही पिलूं दगावतें.

म्हणून नियम असा कीं, जंत दिसोत वा न दिसोत, पिलूं दोन आठवड्यांचें होतांच पहिली मात्रा द्यावी. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जंत पक्व होऊन अंडीं टाकूं लागतात. त्याच्या आधींच त्यांना गांठावयाचें. पुढें चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यांत, आणि तेथून सहा महिने पुरे होईपर्यंत दरमहा द्यावी. एकाच मात्रेनें कां भागत नाहीं? तर औषध आंतड्यांतील जंतांस मारतें. यकृतांतून व फुप्फुसांतून प्रवास करीत असलेल्या अळ्या मागाहून येऊन पोंचतात. आईसही पिलांबरोबरच औषध द्यावें, कारण ती पिलांचा मळ चाटून साफ करते.

पिलांस बहुधा पायरँटेल नांवाचें पातळ औषध देतात. गोल जंत व अंकुशकृमि या दोहोंवर तें चालतें. मात्रा वजनावर ठरते, आणि पिलाचें वजन आठवड्याआठवड्यास वाढतें. म्हणून प्रत्येक वेळीं वजन करून डॉक्टरांस विचारावें. स्वयंपाकघरांतील काटा मागण्याचें धैर्य मला झालें नाहीं; एक ताणकाटा व कापडी पिशवी यांवर काम भागलें. घरांतील मुलांच्या जंताच्या गोळीचा तुकडा अंदाजानें देऊं नये. लसूण तर मुळींच नको. तो कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहे. मळांत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसल्यास तो पट्टकृमि समजावा. तो बहुधा पिसवांवाटे येतो; त्यास औषध निराळें, आणि पिसवांचा बंदोबस्तही करावा लागतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमिचिकित्सेचीं तीन अंगें सांगितलीं आहेत: कृमि बाहेर काढणें, ते ज्या स्थितींत वाढतात ती पालटणें, आणि ज्या कारणांनीं ते होतात तीं टाळणें. आपण घरोघर पहिल्याच अंगाशीं थांबतों. खरी मेख तिसऱ्यांत आहे. गोल जंताची एक मादी दिवसास लाखाच्या घरांत अंडीं घालते, व तीं मातींत वर्षानुवर्षें टिकतात. फिनेलनें तीं मरत नाहींत, सारवणानें तर नाहींच. पण तीं ताजीं असतां बाधत नाहींत. बाधक होण्यास त्यांना दोन आठवडे तरी लागतात. म्हणजे मळ रोजच्या रोज उचलून खोल पुरला, तर निम्मी लढाई जिंकली. फरशी उकळत्या पाण्यानें धुवावी, पोतें व चिंध्या उकळाव्या, आणि व्यालेल्या कुत्रीस ओलसर सांवलींतील मातीऐवजीं कोरडी, उन्हाची जागा द्यावी.

हें सारें केवळ पिलांसाठीं नाहीं. 1950 मध्यें हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेनें, कर्करोगाच्या संशयानें काढून टाकलेले मुलांचे डोळे तपासले, तेव्हां कित्येकांत कर्करोगाऐवजीं कृमींच्या अळ्या वा त्यांचे अवशेष आढळले. त्यांतील कांहीं अळ्या कुत्र्याच्या गोल जंताच्याच होत्या, असें पुढें सिद्ध झालें. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेंत शिरून वळवळत्या, खाजऱ्या रेघा उठवितात. यास्तव मुलांना पिलांपासून तोडूं नये. त्यांना परसांतील माती तोंडांत घालूं देऊं नये, पायांत चपला असाव्या, व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे, म्हणजे झालें.

आमची तीच कुत्री पुढल्या वर्षीं पुन्हा व्याली. या खेपेस मीं दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें दुसरा, चौथा, सहावा व आठवा आठवडा लिहून ठेवला, आणि रोज सकाळीं स्नानापूर्वीं फावडें हातीं घेतलें. सहा पिलें झालीं, व सहाही जगलीं. त्यांना चांगलीं घरें मिळाल्यावर कुत्रीची नसबंदी करून घेतली. पहिल्या वेतांतील एक पिलूं आज मोठें होऊन दारांत बसलें आहे. त्याच्याकडे पाहिलें कीं त्याचीं तीन भावंडें आठवतात. वाचक भगिनींनीं आजच दवाखाना गांठावा. एक आठवडा तर आधींच उलटला आहे.