परदेशातील एका सत्राला राज्य विद्यापीठांनी मान्यता द्यावी

महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की पदवीनंतरच्या ‘एमएस’चीच चर्चा होते, जीआरई, शैक्षणिक कर्ज, तारण ठेवलेले घर आणि कर्ज फिटेपर्यंत तिकडेच नोकरी करण्याची निकड असा त्या वाटेचा क्रम ठरून गेलेला आहे. चार वर्षांच्या पदवीतील एखादे सत्र परदेशी विद्यापीठात पूर्ण करून परत येणे ही दुसरी वाट खर्चाने कितीतरी हलकी असूनही राज्य विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ती जवळजवळ बंद आहे. याचे कारण व्हिसाच्या अटींत किंवा परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशनियमांत शोधले जाते; प्रत्यक्षात ते मुख्यतः येथील श्रेयांक-मान्यतेच्या पद्धतीत आहे, आणि म्हणूनच ते येथेच दूर करता येण्याजोगे आहे.

विद्यार्थी-विनिमय म्हणजे दोन संस्थांमधील असा करार, ज्यात विद्यार्थी शुल्क आपल्या मूळ संस्थेतच भरतो आणि यजमान विद्यापीठ त्याचे शिक्षणशुल्क माफ करते. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठे तशीही बहुतांशी शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, परंतु विनिमय-कराराने आलेल्यांना ते सहसा माफ असतात. उरतो तो राहण्या-जेवणाचा खर्च. त्यासाठी व्हिसा मिळण्यापूर्वी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा बँक खात्यात, पैसे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा दर महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास. मध्यमवर्गीय कुटुंबाला ही रक्कम लहान नाही, पण अमेरिकेतील दोन वर्षांच्या खर्चाशी तिची तुलनाच होऊ शकत नाही, आणि तिच्यासाठी घर गहाण पडत नाही.

श्रेयांकांचे गणितही अवघड नाही. युरोपात पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या कामाला ‘ईसीटीएस’ या सामाईक पद्धतीनुसार ६० श्रेयांक, म्हणजे सत्राला ३० श्रेयांक मिळतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीसाठी एकूण १६० श्रेयांक सुचवले, म्हणजे आठ सत्रांत सरासरी २०. तिकडचे तीन येथील दोनांच्या बरोबरीचे धरले की रूपांतर पूर्ण होते. अडचण येते ती संख्येची नव्हे, विषयांच्या जुळणीची.

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याचे उदाहरण घेतले तर ही अडचण नीट दिसते. जर्मनीत पदवीचे बहुतेक वर्ग जर्मन भाषेत चालतात, त्यामुळे बाहेरून आलेल्याला इंग्रजीत उपलब्ध असलेल्या मोजक्या विषयांतून निवड करावी लागते. त्या यादीत नियंत्रण प्रणाली आणि कंपनशास्त्र सापडते, पण त्या सत्रात उष्णता संक्रमण सापडत नाही. येथील समकक्षता समिती दोन्ही अभ्यासक्रमांतील घटक शेजारी ठेवून किती जुळतात ते पाहू लागली की न जुळणारे विषय परत आल्यावर बॅकलॉग म्हणून द्यावे लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांची पहिली अट एकही बॅकलॉग शिल्लक नसावा अशी असते. परदेशातून अधिक शिकून आलेला विद्यार्थी मुलाखतीच्या दारातच अडतो. हे ठाऊक असताना कोणता शहाणा विद्यार्थी जाईल, आणि कोणते प्राध्यापक त्याला जा म्हणतील?

नियमांनी हे अटळ केलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून पूर्ण करता येतात, तर २०२२ च्या विनियमांनी भारतीय आणि परदेशी संस्थांच्या ट्विनिंग, म्हणजे जोड-अभ्यासक्रमांत ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशात मिळवण्याची मुभा दिली. संगणकाच्या पडद्यावर पाहिलेल्या व्याख्यानांना श्रेयांक द्यायचे आणि परदेशी प्रयोगशाळेत सहा महिने प्रत्यक्ष यंत्रावर काम केलेल्याला घटक जुळत नाहीत म्हणून नाकारायचे, ही विसंगती कोणत्याही शैक्षणिक निकषावर टिकणारी नाही.

युरोपाने १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू केली, आणि तिच्यात जो ‘अध्ययन करार’ रूढ झाला तोच येथेही पुरेसा ठरेल. विद्यार्थी निघण्यापूर्वीच कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात मूळ विद्यापीठात कोणते विषय माफ होणार, हे लिहून त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्या होतात. विषय उत्तीर्ण झाले की परतल्यावर फेरतपासणीचा प्रश्न उरत नाही. त्यासाठी अभ्यास मंडळांनी घटकांऐवजी विषयातून अपेक्षित असलेले कौशल्य पाहावे आणि काही विषय ऐच्छिक गटात मोकळे ठेवावेत.

वेळापत्रकाचा पेच मात्र खरा आहे. जर्मनीतील उन्हाळी सत्राचे वर्ग साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि हिवाळी सत्राचे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात. येथील सत्रे जुलै ते नोव्हेंबर आणि जानेवारी ते मे अशी असल्याने कोणतेही सत्र निवडले तरी एक परीक्षा बुडते. म्हणूनच आठव्या सत्रापासून सुरुवात करणे सर्वांत शहाणपणाचे ठरेल. अनेक महाविद्यालयांत हे सत्र प्रकल्पासाठी वा उद्योगातील प्रशिक्षणासाठी मोकळे असते, आणि प्रयोगशाळेतील प्रकल्प वर्गांच्या तारखांना बांधलेला नसतो. जर्मनीतील उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे या दृष्टीने विशेष जवळची आहेत, कारण तेथील अभ्यासक्रम कारखान्यांशी जोडलेले असतात आणि त्यांत बहुधा एक सत्र प्रत्यक्ष कामाचेच असते. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, नाशिकला बॉश अशा कंपन्या असताना त्यांच्या मायदेशातील प्रयोगशाळांचा परिचय येथील पदवीधराला इथल्याच नोकरीत उपयोगी पडेल. काही कंपन्या जानेवारीपासूनच विद्यार्थ्यांना रुजू करून घेतात हा आक्षेप रास्त आहे. पण तो निवडीचा प्रश्न आहे आणि निवड विद्यार्थ्याने करावी, त्याच्या वतीने विद्यापीठाने नव्हे.

सर्वांत गंभीर बाब विषमतेची आहे. आयआयटींचे विनिमय-करार जुने आहेत, आणि स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवणारी खासगी विद्यापीठेही मोठ्या शुल्काच्या मोबदल्यात ही सोय देतात. वंचित राहतो तो नांदेड, रत्नागिरी किंवा चंद्रपूरच्या संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही मोलाच्या योजना आहेत, परंतु त्या पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहेत. त्यांना हात न लावता एका सत्रासाठी स्वतंत्र तरतूद झाली, तर एका पूर्ण पदवीच्या खर्चात अनेक विद्यार्थी जाऊन येऊ शकतील. त्यातून बुद्धिमान तरुण देशाबाहेर जातील ही भीतीही येथे लागू पडत नाही, कारण पदवी येथील विद्यापीठाची असल्याने ती पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्याला परतावेच लागते.

यासाठी नवा कायदा नको. विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी अध्ययन कराराचा नमुना आणि आठव्या सत्राची मुभा मंजूर करणे एवढेच हवे. उन्हाळी सत्रासाठी विद्यार्थ्यांची नावे कळवण्याची मुदत जर्मन विद्यापीठांत बहुधा आदल्या वर्षाच्या अखेरीस किंवा जानेवारीत संपते, त्यामुळे हा निर्णय दिवाळीपूर्वी झाला तरच सध्या अंतिम वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ घेता येईल.

— एक वाचक, सांगली