जंतूचें नांव आणि जंतूचे गुण

उबेला राहिलेला शिळा भात खाल्ला आणि घरांतील मंडळींस वांत्या सुटल्या, हा अनुभव पुष्कळांस असेल. त्याच्या मुळाशीं अनेकदां बॅसिलस सेरियस हा जंतु असतो. त्याचे बीजाणु भात शिजला तरी मरत नाहींत. ह्याचाच एक भाऊबंद बॅसिलस अँथ्रासिस. गुरांस व माणसांस काळपुळीचा रोग त्याच्यामुळें होतो, हें रॉबर्ट कॉख यांनीं इ. स. १८७६ मध्यें सिद्ध केलें. तिसरा, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मात्र शेतकऱ्याचा चाकर! विदर्भांतील बीटी कापसांत अळ्या मारणारें जनुक आहे, तें त्याचेंच.

आतां ह्या तिघांस ओळखावें कसें? इ. स. १९७७ मध्यें कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनीं रायबोसोमांतील एका रेणूवरून जीवसृष्टीची वंशावळ लावून दाखविली. तेव्हांपासून १६ एस ह्या सुमारें १५०० अक्षरांच्या जनुकाचा क्रम वाचून जंतूचें कुळ ठरविण्याची रीत रूढ झाली. दूरच्या कुळांसाठीं ती उत्तमच आहे. परंतु ह्या तिघांचें तें जनुक जवळजवळ अक्षरशः एकच! मग अधिक जनुकें वाचावीं म्हटलें, तर इ. स. २००० मध्यें कांहीं संशोधकांनीं तीं ताडून पाहिलीं आणि तिघांची मिळून एकच जाति मानावी असें प्रतिपादन केलें.

खरा भेद आहे तो मुख्य गुणसूत्राबाहेरील प्लाझ्मिड नांवाच्या लहान वर्तुळांत. काळपुळीचें विष एका प्लाझ्मिडावर, तर जंतूचें संरक्षक कवच दुसऱ्यावर. अळीनाशक जनुकेंही बहुधा प्लाझ्मिडावरच असतात. आणि हीं वर्तुळें एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत एका रोग्यास काळपुळीसारखाच फुफ्फुसाचा विकार झाला होता. त्याच्यापासून मिळालेला जंतु निघाला सेरियस, पण त्याच्यांत काळपुळीच्या विषाचीं जनुकें असल्याचें इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झालें.

वंश एक ठरला म्हणून जुनीं नांवें पुसून टाकावीं, हें मला मान्य नाहीं. वैद्याला व पशुवैद्याला तीं हवींच. पण नांवावर विसंबणेंही तितकेंच घातक. क्रमवाचन करणाऱ्या प्रयोगशाळेनें नांवापुढें विषाचीं कोणतीं जनुकें सांपडलीं, हेंही लिहिलेंच पाहिजे. रक्ताच्या तपासणींत नुसतें 'सेरियस' एवढेंच लिहून आलें, तर धुळींतला जंतु चुकून नमुन्यांत शिरला असेल असें समजून पुष्कळदां तो कागद बाजूस ठेविला जातो. आणि लुइझियानांतील त्या जंतूचेंही नांव सेरियस हेंच होतें.