माणसे हाकलली, बेटे राखली

१० जानेवारी १९७५ रोजी नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. त्याची सारी जुळवाजुळव केली होती वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने, आणि प्रमुख पाहुणे म्हणून आले होते मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. बिहारमधून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या बापाचा हा मुलगा एका स्वतंत्र राष्ट्राचा प्रमुख होऊन पितृभूमीला परतला, याचे अप्रूप विदर्भाला वाटले आणि ते रास्तच होते. याच संमेलनात मागणी झालेले हिंदी विद्यापीठ पुढे १९९७ मध्ये वर्ध्यातच उभे राहिले. वर्धा आणि मॉरिशस यांचे नाते असे भाषेचे आहे, संस्कृतीचे आहे. पण त्या गौरवाच्या दिवशी सर शिवसागरांच्या देशाचा एक लचका तुटलेला होता, आणि त्या लचक्यावरून हुसकावलेली माणसे पोर्ट लुईच्या झोपड्यांतून दिवस कंठत होती. त्या तुटलेल्या भागाचे नाव चागोस द्वीपसमूह.

नकाशा उघडून पाहावा. कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे १८०० किलोमीटरवर, मालदीवच्या शेवटच्या बेटाखाली सुमारे ५०० किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या ऐन मध्यभागी प्रवाळांची ही माळ पसरली आहे. पेरोस बान्होस, सालोमन, एग्मॉन्ट, दिएगो गार्सिया ही तिच्यातली काही नावे. लहानमोठी पन्नासहून अधिक बेटे; पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ती ६० चौरस किलोमीटरच्या आसपासच. वर्धा जिल्ह्यातल्या चार-दोन मोठ्या गावांची शिवारे एकत्र केली तर एवढी जमीन भरेल. समुद्र मात्र लक्षावधी चौरस किलोमीटरचा. जगातली सर्वांत मोठी प्रवाळ-कंकणाकृती रचना, ग्रेट चागोस बँक, येथेच आहे. सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया. आकार मोकळ्या कड्यासारखा, मध्ये खोल, शांत खाजण. बोटी नांगरायला याहून चांगली जागा परमेश्वराने दुसरी घडवली नसेल. हेच त्या बेटाचे दुर्दैव ठरले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणून येथे नारळाच्या बागा लावल्या. पुढे इंग्रज आले. गुलामगिरी संपल्यावर काही भारतीय मजूरही आले. खोबरे वाळवायचे, तेल काढायचे, मासे धरायचे, अशी दीडशे-पावणेदोनशे वर्षे चाललेली साधी अर्थव्यवस्था होती. चर्च होते, दफनभूमी होती, स्वतःची क्रिओल बोली होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जन्मून तेथेच मातीआड झालेली ही माणसे कागदोपत्री मात्र 'कंत्राटी कामगार' ठरवली गेली. एकदा 'रहिवासी' हा शब्द पुसला की रहिवाशाचे हक्कही पुसता येतात, ही युक्ती कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, हे ब्रिटिश वसाहत खात्याच्या टिपणांत आता सर्वांना वाचायला मिळते. त्या टिपणांत बेटवासीयांचा उल्लेख टारझन आणि फ्रायडे असा केलेला आहे. जगाला सभ्यता शिकवायला निघालेल्यांची ही भाषा!

लूट कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९६५. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना त्यांच्या सचिवाने लिहून दिले की, रामगुलामांना एका हाताने स्वातंत्र्याची आशा दाखवावी आणि दुसऱ्या हाताने ते न मिळण्याची भीती घालावी. म्हणजे चागोस सोडायला ते तयार होतील. तसेच झाले. तीस लाख पौंडांच्या बदल्यात, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राणीच्या एका हुकमाने 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत जन्माला आली. साम्राज्ये गुंडाळली जात असताना नवी वसाहत काढण्याचा हा पराक्रम! १६ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मॉरिशसचे तुकडे करू नका असे बजावले. लंडनने ते ऐकले नाही. १९६६ च्या अखेरीस अमेरिकेशी पन्नास वर्षांचा करार झाला, आणि पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची सूट गुपचूप ब्रिटनच्या पदरात पडली. आपापल्या संसदांनाही दोन्ही सरकारांनी या सौद्याचा पत्ता लागू दिला नाही.

मग बेट 'स्वच्छ' करण्याचे काम सुरू झाले. उपचारासाठी वा आप्तांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारण्यात आले. बागांची मालकी असलेली कंपनी विकत घेऊन ती हळूहळू बंद करण्यात आली. धान्य, औषधे येईनाशी झाली. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरच्या लोकांच्या पाळीव कुत्र्यांना खोबऱ्याच्या भट्टीत कोंडून धुराने मारले, आणि माणसांना मालवाहू जहाजात भरले. १९७३ पर्यंत उरलेली बेटेही ओस झाली. दीड-दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवून दिली गेली.

याच ब्रिटनने १९८२ मध्ये काय केले? दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाने सैन्य उतरवले, तेव्हा तेथल्या सुमारे १८०० रहिवाशांच्या स्वयंनिर्णयासाठी आरमार धाडले, युद्ध केले, शेकडो सैनिक गमावले. आणि त्याच वर्षी, जवळपास तेवढ्याच संख्येच्या चागोसवासीयांच्या तोंडावर ४० लाख पौंड फेकून हक्क सोडल्याच्या कागदांवर त्यांचे अंगठे घेतले. फॉकलंडची माणसे गोरी होती, चागोसची काळी. यापलीकडे फरक कोणता, ते मानवाधिकाराचे वार्षिक अहवाल छापणाऱ्या पाश्चात्त्य संस्थांनी सांगावे. काश्मीरपासून ओडिशापर्यंत भारताला उपदेश करणाऱ्या या मंडळींची चागोसबाबतची जीभ कित्येक वर्षे टाळूला चिकटली होती.

आणि या 'प्रदेशा'चे शासन कसे? आयुक्त लंडनमध्ये परराष्ट्र खात्यात बसतो, प्रशासकही तेथेच. विधिमंडळ नाही, मतदार नाही, कारण नागरिकच नाहीत! आयुक्त सही करतो आणि कायदा होतो. बेटावर ब्रिटिश नौदलाचा एक अधिकारी त्याचा प्रतिनिधी. चलन अमेरिकी डॉलर. कामाला फिलिपाइन्सहून आणलेले कंत्राटी कामगार. म्हणजे ज्यांना 'कंत्राटी' म्हणून हाकलले, त्यांच्या जागी खरोखरीचे कंत्राटी आणले गेले. उत्पन्न म्हणाल तर कधीकाळी मासेमारीचे परवाने आणि संग्राहकांसाठी छापलेली टपाल तिकिटे. बाकी सारे धावपट्टी आणि धक्का यांच्याभोवती. १९९१ चे आखाती युद्ध, २००१ मध्ये अफगाणिस्तान, २००३ मध्ये इराक. प्रत्येक वेळी अजस्र बॉम्बफेकी विमाने याच बेटावरून उडाली.

मूळ रहिवाशांच्या वतीने ऑलिव्हिए बांकूल यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला आणि ३ नोव्हेंबर २००० रोजी तो जिंकला. हद्दपारीचा कायदा बेकायदा ठरला. तेव्हा काय व्हावे? २००४ मध्ये राणीच्या विशेषाधिकाराखाली, संसदेला बाजूस सारून, तीच बंदी पुन्हा घातली गेली. आणि २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्यावर शिक्का मारला. २०१० मध्ये तर कमालच झाली. सभोवतालचा ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र 'संरक्षित सागरी क्षेत्र' जाहीर झाला. प्रवाळांना अभय, खेकड्यांना अभय. फक्त माणसाला प्रवेश नाही. विमानवाहू तळ मात्र पर्यावरणाला बाधक नाही! २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हे क्षेत्रही बेकायदा ठरवले.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने सांगितले की चागोस तोडणे बेकायदा होते, ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तेथून निघावे. त्या तेरांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. विरोधातले एकमेव मत अमेरिकी न्यायाधीशाचे. पाठोपाठ आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने हात वर केले, सहा विरोधात राहिले. भारत या लढ्यात न्यायालयातही उभा होता आणि आमसभेतही, हे येथे अभिमानाने नोंदवले पाहिजे.

आपल्याकडच्या डाव्या पुरोगाम्यांचेही थोडे पाहू. सत्तरच्या दशकात 'दिएगो गार्सिया' हा त्यांच्या मोर्चांचा आवडता शब्द होता. ज्या १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी हिंदी महासागराला शांतता क्षेत्र घोषित केले होते, त्या ठरावाचे पाठांतर चाले. पण त्या घोषणांत अमेरिकेचा तळ होता, माणसे क्वचितच होती. राष्ट्रवादी म्हणवणाऱ्यांनीही छातीवर हात ठेवून विचारावे. चागोसवासी बहुतांश आफ्रिकी वंशाचे, धर्माने कॅथलिक. मॉरिशसमधल्या आपल्या मराठी बांधवांबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटतो. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, एप्रिल २०२३ मध्ये तेथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा ऊर भरून आला. मग त्याच देशाच्या या नागरिकांचे दुःख परके कसे? अन्यायाला जात-धर्म लावून मोजणे हा पश्चिमेचा दोष आपण कशाला उचलावा?

२२ मे २०२५ रोजी अखेर करार झाला. सही करणारे मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम, म्हणजे त्याच सर शिवसागरांचे चिरंजीव. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देऊन. तीस लाखांत लुबाडलेल्या मालाचे हे भाडे! लंडनमधल्या विरोधकांनी लगेच ओरड केली की, बेटे चीनच्या घशात जातील. ज्या अमेरिकेने कराराचे स्वागत केले, तिच्याच राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२६ मध्ये त्याला मूर्खपणा ठरवले. वस्तुस्थिती अशी की, चीनच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेत सामील न झालेल्या मोजक्या आफ्रिकी देशांत मॉरिशस आहे, आणि त्याच्या तटरक्षक दलाचे नेतृत्व भारतीय नौदलाचा अधिकारी करीत आला आहे. चीनची भीती सांगायला लंडनला मॉरिशसच सापडावा?

भारतावरही बोट दाखवले जाते. मॉरिशसच्या अगालेगा बेटांवर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले, तेव्हा 'हे दुसरे दिएगो गार्सिया' अशी कुजबूज इंग्रजी वृत्तपत्रांनी केली. तुलनेचे धारिष्ट्यच म्हणायचे. अगालेगाची सुमारे तीनशे माणसे आपल्या घरांत आहेत, बेट मॉरिशसचेच आहे. संरक्षणाची गरज आणि माणसांचा संसार एकत्र नांदू शकतात, हे वर्धेकरांना वेगळे सांगायला नको. पुलगावचा दारूगोळा साठा देशातला सर्वांत मोठा. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग भडकली, जवान हुतात्मा झाले, आसपासची गावे अंधारातच हलवली गेली. पण ती माणसे आपापल्या घरी परतली. ती परतणार नाहीत असा हुकूम कोणी काढला नाही. मात्र सावधगिरीही हवी. अगालेगावर उद्या एका जरी कुटुंबाला घर सोडावे लागले, तर दिल्लीला पहिला जाब येथूनच विचारला गेला पाहिजे.

नव्या करारात इतर बेटांवर पुनर्वसनाची मुभा मॉरिशसला आहे. दिएगो गार्सियावर नाही. म्हणजे ज्या बेटावरून सर्वांत आधी माणसे नेली, तेथे त्यांच्या नातवंडांनाही ९९ वर्षे घर बांधता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वाराणसीत पंतप्रधान मोदी आणि रामगुलाम भेटले, तेव्हा चागोसच्या सागरी क्षेत्राचा विकास आणि देखरेख यांसाठीही भारताने साहाय्य देऊ केले. ते साहाय्य केवळ गस्ती नौकांवर न थांबता पेरोस बान्होस आणि सालोमनवर विहिरी, शाळा, दवाखाना आणि होड्यांचा धक्का उभारण्याकडे वळावे, हा आग्रह भारताने धरायला हवा. बांकूल आणि त्यांचे सोबती फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनची परवानगी न घेता पेरोस बान्होसवर उतरले, तेव्हा झाडोऱ्यात बुडालेले चर्च त्यांनी हाताने साफ केले. त्याआधी २००६ मध्ये शंभराच्या आसपास बेटवासीयांना ब्रिटनने बोटीतून आपल्या पूर्वजांच्या कबरींवर फुले वाहण्यापुरते नेले होते. दिएगो गार्सियावर त्यांना काही तास मिळाले. संध्याकाळी त्यांना पुन्हा बोटीत बसवण्यात आले.