माळ्याचा पगार कोण देणार?

पालघरच्या किंवा बोईसरच्या मैदानाचं नूतनीकरण म्हटलं की एक उत्तर हमखास येतं. तारापूर एमआयडीसीत एवढे कारखाने आहेत, त्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, स्टेडियम होईल. सरकारी पैसा कशाला?

हे उत्तर कायद्यापाशीच अडतं. कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार 2 टक्के खर्चाचं बंधन येतं ते 500 कोटींचं नक्त मूल्य, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांवर. लहान कारखाने त्यात बसतच नाहीत. जे बसतात, त्यांचा खर्च त्यांचं संचालक मंडळ ठरवतं. आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदा सांगतो. पण नगरपरिषदेला तो पैसा हक्काने मागता येत नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे बोट दाखवावं, तर ते चालवणारी कंपनीच सरकारी!

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. कोळगावचं जिल्हा मुख्यालय सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात बांधलं, 2021मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. मग मैदान तसंच का नको? कचेरीला ही रीत चालते. मैदानाची मात्र जमीन हीच सगळी पुंजी. कडेला गाळे आणि लग्नाचं लॉन काढून खर्च भागवायला निघालं, की लग्नसराईत मुलं फाटकाबाहेर.

मालकी दुसऱ्याची असली की काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. 1937चं ब्रेबर्न स्टेडियम एका क्रिकेट क्लबचं. तिकिटांच्या वाट्यावरून मुंबई क्रिकेट संघटनेचं क्लबशी बिनसलं आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधावं लागलं. जानेवारी 1975मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. खासगी पैशाचंही तेच. पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमला सहाराचं नाव दिलं गेलं, पण ठरलेले पैसे थकले आणि 2013मध्ये ते नाव झाकावं लागलं.

म्हणून मुख्य भार सरकारी तिजोरीनेच उचलावा. राज्याने 2022मध्ये तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेली, हे योग्यच झालं. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे मैदान होत नाही. पावसाळा सरला की माजलेलं गवत काढायचं, खेळपट्टीवर माती भरायची, पाणी मारायचं आणि ऊन चढण्याआधी रोलर फिरवायचा. हे करणाऱ्या माळ्याला दरमहा पगार लागतो. सीएसआरचा दीर्घ प्रकल्पसुद्धा सुरुवातीचं वर्ष धरून चार वर्षांत संपवावा लागतो. माळी त्यानंतरही लागतोच.

कंपन्यांनी जरूर द्यावं. दिवे, सरावाच्या जाळ्या, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली द्यावी. फाटकाची किल्ली आणि वेळापत्रक मात्र सार्वजनिक हातातच हवं.

क्रिकेटपटू शार्दूल ठाकूरला शाळकरी वयात पालघर सोडून बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या घरी राहावं लागलं. तेव्हा पालघरचा जिल्हाही झाला नव्हता. तो 2014मध्ये झाला. आजच्या मुलांवर ती वेळ येऊ नये, तर पालघर नगरपरिषदेच्या आणि बोईसर ग्रामपंचायतीच्या येत्या अंदाजपत्रकात मैदानाच्या देखभालीचं स्वतंत्र लेखाशीर्ष हवं. नागरिकांनी अंदाजपत्रक हाती येताच आधी तेच पान उघडावं.