हिंव वाजतं म्हणणारा मुलगा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोळून न्हाणीघराच्या उंबऱ्याशी दात वाजवीत उभ्या राहणाऱ्या वाचकांना मी एक प्रश्न विचारतो. त्या वेळी तुम्हांला काय वाजत असतं? बहुतेक जण म्हणतील, थंडी. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणतो, हिंव. एवढ्यासाठी त्याचे गुण कापले गेले, म्हणून हा लेख.

निबंधात त्याने लिहिलं होतं, 'मला हिंव वाजत होतं म्हणून आजीने गोधडी घातली.' तपासणाऱ्या गुरुजींनी तांबड्या शाईने हिंव खोडून वर 'थंडी' लिहिलं आणि समासात शेरा मारला, 'ग्राम्य'. मी विचारलं, तर म्हणाले, "अहो, मुलांना शुद्ध भाषा शिकवायची की नाही?"

शुद्धच पाहायचं, तर कुळंच पाहू. संस्कृत 'हिम' प्राकृतातून मराठीत उतरताना त्यातला 'म' विरघळला आणि हिंव झालं; ग्रामाचं गांव झालं, नामाचं नांव झालं, तसंच. डोक्यावरचा ठिपका ही त्या 'म'ची उरलेली खूण. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. हा एक मी हट्टाने देतो. म्हणजे ज्याला ग्राम्य म्हणून हाकललं, तो शब्द हिमालयाच्या घरचा! रशियन लोक हिवाळ्याला 'झिमा' म्हणतात, लॅटिनात तो 'हिएम्स'. ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. आणि आपली सभ्य थंडी? भाषाशास्त्रज्ञ तिचं मूळ 'स्तब्ध'कडे नेतात. स्तब्ध म्हणजे ताठलेलं, जागीच थिजलेलं. त्यात गारव्याचा अर्थ मुळात नव्हताच. तिच्याशी माझं भांडण नाही. बिचारी लांबचा पल्ला चालून या अर्थाला पोचली. पण म्हणून तिने थोरल्या जावेला घराबाहेर काढावं काय?

शब्द असे फिरतातच. 'शीतल'चं मराठीत शिळं झालं. शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं अन्न जेवताना त्यातला थंडपणा कोणाला आठवतो? (शितावरून भाताची परीक्षा करतात ते शीत मात्र निराळं, ते 'सिक्था'चं. आमच्या गुरुजींची तिथेही गल्लत होते.)

बरं, हेच गुरुजी फळ्यावर ऋतू लिहितात ते उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. 'थंडाळा' लिहून दाखवावं! मलेरियाला सरकार हिवतापच म्हणतं. परक्या मोल्सवर्थसाहेबाने १८५७च्या कोशात या शब्दाला जागा दिली. सरकारला चालतो, साहेबाला चालतो, तो पोराच्या वहीत का चालू नये?

प्रमाण भाषा शिकवू नका, असं मी म्हणत नाही. थंडी शिकवा, गारवा शिकवा, गारठा शिकवा. पण शेजारी लिहा, खोडू नका. अर्थही तंतोतंत एक नाही. गारठा हवेत असतो. हिंव माणसाच्या अंगात भरतं. ताप चढण्याआधी आजीला ते आपल्या आधी कळतं.

त्या मुलाचा पुढचा निबंध मी स्वतः तपासला. जेमतेम पाऊण पान होतं. 'थंडी' तीनदा आली होती, तिन्ही ठिकाणी बिनचूक. आजी कुठेच नव्हती.